सिल्चेस्टरचं रोमन शहर: जायच्या आधी विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या रेडिंग-बेसिंगस्टोक पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. उन्हाळा लागला की 'जवळपास, फुकटात, गर्दी नसलेलं काही आहे का?' हा प्रश्न फिरायला लागतो. त्याला माझं ठरलेलं उत्तर सिल्चेस्टर. मग उलट प्रश्न येतात, आणि ते दरवेळी तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

सिल्चेस्टर म्हणजे नेमकं काय आहे?

हॅम्पशायरच्या उत्तर टोकाला, बर्कशायरच्या हद्दीला लागून असलेलं एक छोटं गाव. गावाबाहेर शेतांमध्ये 'कॅलेव्हा अट्रेबाटम' या रोमन शहराची जागा आहे. अट्रेबाटीस नावाच्या टोळीचं हे मुख्य ठाणं. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं इ.स. ४३ मध्ये, पण वस्ती त्याच्याही आधीची, इ.स. पूर्व पहिल्या शतकातली. एपिलस नावाच्या इथल्या राजाच्या नाण्यांवर तो स्वतःला लॅटिनमध्ये 'कॅलेव्हाचा राजा' म्हणवतो, तेही रोमन राज्य यायच्या आधी. म्हणजे रोमनांनी ओसाड माळावर शहर वसवलं असं नव्हे. नांदतं गाव ताब्यात घेऊन त्यावर आपले सरळ रेषेतले रस्ते आखले.

लंडनहून पश्चिमेला येणारा रोमन रस्ता इथे पोचायचा आणि इथून त्याला फाटे फुटायचे: विंचेस्टरकडे, सायरेन्सेस्टरकडे, सॉल्सबरीजवळच्या ओल्ड सेरमकडे. लंडनच्या बाजूच्या रस्त्याला पुढे लोकांनी 'डेव्हिल्स हायवे' म्हणजे सैतानाचा रस्ता असं नाव दिलं. इतका सरळ रस्ता माणसाने कशाला बांधला असेल, असा त्यांचा हिशेब असावा. आपल्याकडे एका रात्रीत बांधलेलं देऊळ पांडवांच्या नावावर जातं, त्यातलाच प्रकार.

खरंच फुकट आहे? तिकीट, बुकिंग, मेंबरशिप काहीच नाही?

काहीच नाही. तटबंदी आणि ॲम्फीथिएटर (खेळांचा उघडा आखाडा, भोवती प्रेक्षकांची जागा) यांची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था करते, पण तिथे कुलूपबंद फाटक नाही, तिकिटाची खिडकी नाही, पहारेकरी नाही. दिवसाउजेडी केव्हाही जा. वॉल लेनवर गाड्यांसाठी जागा आहे, तीही फुकट.

फुकट असण्याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा. कॅफे नाही, दुकान नाही, ऑडिओ गाइड नाही, विचारायला माणूस नाही. माहितीचे फलक आहेत, पण फलक वाचून शहर डोळ्यांसमोर उभं राहत नाही. ती तयारी घरूनच करून जावी लागते.

आत गेल्यावर काय दिसतं? खरं सांगा.

गवत. खरं सांगायचं तर भरपूर गवत, त्यात चरणाऱ्या गाई, आणि चहूबाजूंनी तट.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची निराशा इथेच होते. 'रोमन शहर' म्हटलं की डोक्यात खांब, पुतळे, दगडी रस्ते येतात. इथे साधारण ४० हेक्टरचं शहर होतं: मधोमध फोरम आणि बॅसिलिका, म्हणजे बाजारचौक आणि कचेरी, आग्नेयेला ओढ्याच्या बाजूने हमामखाना, देवळं, प्रवासी अधिकाऱ्यांच्या मुक्कामाची मोठी इमारत, घरं, दुकानं. यातलं जमिनीवर काहीही उरलेलं नाही. जे आहे ते गवताखाली.

पण तट मात्र पूर्ण आहे. सगळा वेढा, जवळजवळ २.४ किलोमीटर, सलग चालत फिरता येतो. काही ठिकाणी तो साडेचार मीटरपर्यंत उंच आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक रोमन शहरांवर पुढे मध्ययुगीन शहरं बसली आणि त्यांवर आजची. लंडन, यॉर्क, विंचेस्टर इथे रोमन थर पाहायचा तर कुणाच्या तरी तळघरात उतरावं लागतं. सिल्चेस्टरवर पुन्हा शहर बसलंच नाही. म्हणून एका रोमन शहराची अख्खी हद्द पायांनी मोजता येते. माझ्या मते इथे यायचं ते याचसाठी. शहर केवढं होतं, एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालायला किती वेळ लागायचा, हे इथे पायांना कळतं. म्युझियममधल्या मॉडेलसमोर ते कळत नाही.

जाण्याआधी शहराचा जुना आराखडा फोनवर घेऊन ठेवा. तो हातात असला की आपण उभे आहोत ती जागा फोरमची आहे की कुणाच्या अंगणाची, हे कळतं आणि गवताकडे बघायची नजरच बदलते. आराखडा न घेता गेलात तर अर्ध्या तासात 'आता पुढे काय?' सुरू होईल.

रस्ते खरंच दिसतात म्हणतात, ते कसे?

कोरड्या उन्हाळ्यात. रस्ते खडी ठोकून केलेले होते. त्यावर मातीचा थर पातळ, पाणी टिकत नाही, त्यामुळे पाऊस लांबला की तिथलं गवत आधी पिवळं पडतं. मग हिरव्या माळावर फिकट पट्टे उमटतात, काटकोनात एकमेकांना छेदणारे. उंचावरून घेतलेल्या फोटोंत ही जाळी स्वच्छ दिसते. जमिनीवरून ती ओळखायला थोडी सवय लागते. पट्ट्याच्या रेषेत उभं राहून लांबवर बघा, म्हणजे दिसेल. पावसाळी उन्हाळ्यात मात्र सगळं एकसारखं हिरवं असतं.

एकदा खणलं होतं ना? मग पुन्हा बुजवलं कशाला?

खणलं होतं, आणि एकदा नव्हे. गोष्ट मजेशीर आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकोणिसाव्या शतकात ही जमीन ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घराण्याची होती. १८६४ पासून रेव्हरंड जॉइस नावाच्या पाद्रीबुवांनी इथे उत्खनन केलं. १८६६ मध्ये त्यांना बॅसिलिकाच्या जागी ब्राँझचा गरुड सापडला. (त्याच्याबद्दल खाली.) मग १८९० ते १९०९ या काळात लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेने तटाच्या आतलं जवळजवळ सगळं शहर खणून काढलं. भिंती मोजल्या, आराखडा काढला आणि खड्डे बुजवून जमीन पुन्हा शेतीला मोकळी केली. संपूर्ण रोमन शहराचा असा नकाशा तेव्हा ब्रिटनमध्ये दुसरा नव्हता. आपण फोनवर घेऊन जाणार तो आराखडा मुळात यांचाच.

पण ते शोधत होते दगडी भिंती. लाकडी घरांच्या खुणा म्हणजे मातीच्या रंगातला फरक, खांबांच्या बुडख्यांचे डाग. याकडे लक्ष द्यायची पद्धतच तेव्हा नव्हती. त्यामुळे दगडी शहर कागदावर आलं आणि लाकडी शहर, विशेषतः रोमनपूर्व आणि अगदी शेवटच्या काळातलं, निसटलं.

१९९७ मध्ये रेडिंग विद्यापीठाने प्राध्यापक मायकेल फुलफर्ड यांच्या देखरेखीखाली 'इन्सुला ९' या एकाच चौकात काम सुरू केलं. चार रस्त्यांनी वेढलेल्या शहराच्या तुकड्याला इन्सुला म्हणतात. त्यातही साधारण ५५ मीटर लांब, ५५ मीटर रुंद एवढाच भाग घेतला. दर उन्हाळ्यात खणत खणत हे काम २०१४ पर्यंत चाललं. आधीच्या मंडळींनी वीस हंगामांत सगळं शहर उरकलं. यांनी जवळजवळ तेवढेच हंगाम चौकाच्या एका कोपऱ्यावर घालवले आणि तरी नव्या गोष्टी हाती लागल्या. उदाहरणार्थ, रोमन रस्त्यांची आखणी उत्तर-दक्षिण, पण काही घरं मुद्दाम तिरकी. म्हणजे नवी आखणी आल्यावरही जुन्या वस्तीची दिशा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडली नव्हती. मला हे फार आवडतं. टाउन प्लॅनिंगवाले आले, रस्ते आखून गेले, आणि घरमालकाने घर आपल्या आज्याच्या रेषेतच ठेवलं.

बुजवण्याचं कारण साधं आहे. उघडी पडलेली चुन्याची भिंत इंग्लंडच्या दहिवरात आणि पावसात काही वर्षांत ढासळते. मातीखाली ती सुरक्षित राहते.

तटाच्या भिंतीत बघण्यासारखं काय आहे? भिंत ती भिंत.

जवळ जाऊन बघा, हात न लावता.

आपल्या किल्ल्यांवरचा तट म्हणजे घडवलेले काळे चिरे. इथे चिरे नाहीतच. भिंत चकमकीच्या दगडाची आहे. हा दगड खडूच्या डोंगरात ओबडधोबड गोळ्यांच्या रूपात मिळतो. बाहेरून पांढरट साल, आणि फोडला की आतून काळा-करडा, काचेसारखा गुळगुळीत. त्याला सहजासहजी चौकोनी आकार देता येत नाही, म्हणून रोमन गवंड्यांनी गोळे चुन्यात बसवत नेले आणि काही थरांनंतर चपट्या मोठ्या दगडांचा एक पट्टा आडवा टाकला. हे पट्टे भिंत बांधून ठेवतात. दक्षिणेकडच्या तटात ते ओळीने दिसतात: गोळे, पट्टा, पुन्हा गोळे, पुन्हा पट्टा. बुडाशी भिंत तीन मीटरच्या आसपास जाड आहे.

मात्र आज दिसतो तो भिंतीचा गाभा आहे. बाहेरचा नीटनेटका दर्शनी थर पुढच्या शतकांत लोकांनी आपल्या बांधकामांसाठी काढून नेला. आसपासच्या जुन्या इमारतींच्या भिंतींत चकमकीचे दगड दिसले की मनात शंका येतेच.

आधी, दुसऱ्या शतकाच्या शेवटी, इथे मातीचा तट उभा राहिला होता. त्याला बाहेरून दगडी भिंत भिडवली ती इ.स. २७० च्या सुमारास. म्हणूनच आतून चालताना तुम्ही एका रुंद मातीच्या बांधावर असता आणि बाहेरून बघताना भिंत अंगावर येते. दोन्ही बाजूंनी बघा. बाहेर खंदकाची खोलगट जागाही कळते. उत्तर आणि दक्षिण दरवाजांच्या जागा स्पष्ट आहेत. बुरूज मात्र शोधू नका.

वेळ कमी असेल तर दक्षिणेकडचा भाग आधी करा. तट सर्वांत चांगला तिथेच टिकला आहे.

ॲम्फीथिएटर कुठे आहे?

तटाच्या बाहेर, ईशान्येला. बरेच जण तट फिरून दमतात आणि हे न बघताच परत जातात. तसं करू नका.

हे पहिल्यांदा बांधलं इ.स. ५५ ते ७५ च्या दरम्यान, म्हणजे रोमनांना येऊन जेमतेम एखादी पिढी झाली असेल. मधली जमीन खोल खणून निघालेली माती भोवती रचली आणि तिच्यावर प्रेक्षकांची सोय केली. सुरुवातीला आखाड्याची भिंत लाकडी होती, तिसऱ्या शतकात ती दगडी झाली. आज मधला लंबगोल आखाडा, त्याची बुटकी दगडी भिंत, समोरासमोरची दोन प्रवेशद्वारं आणि बाजूंना दोन कोनाडे दिसतात. कोनाडे बहुधा देवीचे, खेळाआधी तिच्यापुढे हात जोडायला. भोवतीच्या मातीच्या उतारांवर आता झाडं वाढली आहेत. काही हजार माणसं इथे मावत.

बाराव्या शतकात कुणीतरी याच खळग्यात आपलं लाकडी घर थाटलं होतं. भोवती आयती तटबंदी मिळाल्यावर कोण सोडणार?

आत चर्च कसं काय?

पूर्वेच्या तटालगत सेंट मेरी चर्च आहे, बाराव्या शतकात सुरू झालेलं. त्या जागी रोमन देवळं होती. आज तटाच्या आतल्या भागात चर्च आणि शेजारची थोडी घरं सोडली तर वस्ती नाही. चर्च वापरातलं आहे, त्यामुळे प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, आणि तिथली गाड्यांची जागा येणाऱ्या भाविकांसाठी आहे हे लक्षात घ्या.

लोक हे शहर सोडून का गेले?

रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून गेली. त्यानंतरही इथे काही काळ माणसं राहत होती. १८९३ मध्ये एका विहिरीत ओघम लिपीतला कोरीव दगड सापडला. ही आयर्लंडकडची लिपी. दगडाच्या कडेवर ओळीने खाचा पाडून लिहितात. म्हणजे शेवटच्या काळात कुणी आयरिश माणूस इथे होता.

मग वस्ती विरळ होत गेली आणि शहर ओस पडलं. लंडनला थेम्स आहे, विंचेस्टरला इचेन आहे. इथे मोठी नदीच नाही, शहर सगळं रस्त्यांच्या जिवावर होतं. रस्त्यांची देखभाल करणारं राज्यच उरलं नाही, तेव्हा माळावरच्या या चौफुलीला कोण विचारणार? आजचं गाव पश्चिमेला, तटापासून वेगळं, नंतर वसलेलं आहे.

जायचं कसं?

गाडी असेल तर वॉल लेनचा कार पार्क. तिथून पायवाटेने पश्चिमेच्या तटाला लागता.

गाडी नसेल तर रेडिंग-बेसिंगस्टोक लोकलने मॉर्टिमर किंवा ब्रॅम्ली स्टेशनला उतरा. दोन्हीकडून अंदाजे पाच किलोमीटर चालणं आहे. ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी मॉर्टिमरला उतरून चालत जावं आणि येताना ब्रॅम्ली गाठावं, छान दिवस जातो. पण अरुंद गल्ल्यांना फुटपाथ नसतो, गाड्या वेगात येतात. शक्यतो नकाशात हिरव्या तुटक रेषेने दाखवलेल्या पायवाटा धरा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे ऑफिस आटोपूनही जमतं. संध्याकाळचं तिरकं ऊन भिंतीवर पडलं की दगडाचा प्रत्येक गोळा सुटा दिसतो. फोटोची हौस असेल तर हीच वेळ.

डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात वाटा चिखलाने भरतात आणि साध्या बुटांची वाट लागते. वेलिंग्टन बूट (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट) घाला, म्हणजे जमिनीच्या जुन्या मालकाच्या नावालाही जागल्यासारखं होईल.

आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांना झेपेल का?

चढ-उतार फारसा नाही, पण जमीन उंचसखल आहे आणि बसायला बाकं मोजकीच. गुडघे दुखत असतील तर सगळा वेढा मारायचा हट्ट धरू नका. चर्च, तिथला पूर्वेचा तट आणि ॲम्फीथिएटर एवढं केलं तरी पुरे. आणि आधी सांगून ठेवा की 'आत काही नाही'. बाबा 'एवढ्या लांब हे गवत बघायला आणलंस?' म्हणणारच; ते ॲम्फीथिएटरमध्ये पोचल्यावर म्हणायचे थांबतात, असा अनुभव आहे.

लहान मुलं? बाबागाडी? व्हीलचेअर?

मुलं खूश असतात, कारण पळायला रान मोकळं आहे आणि आखाड्यात तलवारबाजी करायला कुणी अडवत नाही. बाबागाडी मात्र फाटकांमध्ये अडकते आणि चिखलात रुतते. बाळाला पाठुंगळीच्या पिशवीतून न्या. व्हीलचेअरने तटाचा पूर्ण फेरा शक्य नाही.

भिंतीवर कुणालाही चढू देऊ नका. दगड सुटे झालेले आहेत, पडलं तर लागेलच, आणि सतराशे वर्षं टिकलेला दगड आपल्या पोरामुळे निखळायला नको.

टॉयलेट आणि खाण्याची सोय?

तटापाशी टॉयलेट नाही. निघायच्या आधी उरकून घ्या, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

खाण्याचं घरून न्यावं. दशम्या-चटणी, थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा. ॲम्फीथिएटरच्या काठावर बसून खाल्लेलं थालीपीठ गार असलं तरी चालतं. गावात पब आहे, पण त्याच्या वेळा आधी बघून घ्या. कचरा सगळा परत घरी. शेगडी, बार्बेक्यू अजिबात नको. सुकलेलं गवत पेटायला वेळ लागत नाही.

गाई अंगावर येतात का?

सहसा नाही. वासरं बरोबर असतील तर मात्र गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुत्रा असेल तर दोरीला बांधलेला हवा. उघडलेलं प्रत्येक फाटक आपल्यामागे लावून घ्यायचं. उंच गवतातून आल्यावर घरी पायांना गोचीड लागली नाही ना हे बघा.

एखादं खापर सापडलं तर घ्यायचं का?

नाही. प्राण्यांनी उकरलेल्या मातीत लाल कौलाचा तुकडा दिसू शकतो. बघा, फोटो काढा, जिथे होता तिथे ठेवा.

ही संरक्षित पुरातत्त्वीय जागा आहे. परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. ड्रोनही नको, इंग्लिश हेरिटेजच्या जागांवरून तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.

मग सापडलेल्या वस्तू आहेत कुठे?

रेडिंग म्युझियममध्ये, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, जुन्या टाउन हॉलच्या इमारतीत. तेही फुकट. माझा सल्ला असा की आधी म्युझियम करा आणि मग माळावर जा. उलट केलंत तर गवताचं गवतच राहतं. म्युझियमच्या वेळा बघून निघा, रोज उघडं नसतं.

तिथे तो ब्राँझचा गरुड आहे. पंख गेलेत, तरी मान वळवून तो ज्या तोऱ्यात बघतो ते बघाच. जॉइस यांना वाटलं होतं की हे एखाद्या रोमन पलटणीचं निशाण असावं. आता अभ्यासक म्हणतात की तो मोठ्या पुतळ्याचा भाग होता, बहुधा ज्युपिटर देवाच्या किंवा सम्राटाच्या.

गरुडापुढे सगळेच थांबतात. तुम्ही कौलांपुढेही थांबा. कौलं आणि विटा ओल्या असताना उन्हात पसरून ठेवलेल्या असत, आणि त्यांवरून जो जो गेला त्याची पावलं भाजून कायमची राहिली. कुत्र्याच्या चार बोटांचा ठसा, नखांसकट, असा स्वच्छ आहे की त्याला हाकलणारा कारागीरही डोळ्यांसमोर येतो. नीरो सम्राटाच्या नावाचे शिक्के मारलेली कौलंही सिल्चेस्टरला सापडली आहेत; त्यांची भट्टी जवळच, आज लिटल लंडन नावाचं खेडं आहे तिथे होती.

विहिरींतली लाकडी पिंपंही चुकवू नका. विहीर खणली की कडा ढासळू नयेत म्हणून बूड काढलेलं जुनं पिंप आत उतरवायचे. ही पिंपं सिल्व्हर फरच्या लाकडाची आहेत, आणि ते झाड तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हतंच. म्हणजे पिंप आलं युरोपातून, दारूने भरून. दारू संपल्यावर कॅलेव्हाच्या लोकांनी ते टाकून न देता विहिरीला लावलं. डबा रिकामा झाला म्हणून फेकायचा नसतो, हे शास्त्र आपल्या आयांना शिकवावं लागत नाही.

याचा भारताशी काही संबंध लागतो का?

सिल्चेस्टरचा थेट नाही, काळाचा आहे. इथे रस्ते आखले जात होते तेव्हा दख्खनमध्ये सातवाहनांचं राज्य होतं आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमन साम्राज्याशी व्यापार जोरात होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझचा पोसायडन सापडला, तो कोल्हापूरच्याच टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्रदेव पोचला पंचगंगेच्या काठी आणि गरुड पोचला हॅम्पशायरमध्ये. दोन टोकं, पण साम्राज्य एकच.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट इथलीच आहे. सिल्चेस्टरच्या रोमनपूर्व थरांत धने, शेपू आणि सेलरीच्या बिया मिळाल्या, आणि ऑलिव्हची एक आठळीही. रोमन सैन्य यायच्या आधीच या मंडळींना परदेशी चवींची गोडी लागली होती.

स्टोनहेंज बघितलंय. हे त्याच्यापुढे काही आहे का?

तुलना करू नका. पाहुणे एकदाच येणार असतील तर त्यांना स्टोनहेंजला न्या, तिकीट काढा, फोटो काढा. तिथे दोरीच्या बाहेरून बघायचं असतं. सिल्चेस्टर राहणाऱ्यांसाठी आहे. वर्षातून केव्हाही, मनात आलं की जावं, आणि दरवेळी आराखड्यातला वेगळा कोपरा पायाखाली घालावा.

दिवस शिल्लक राहिला तर जवळ अजून काय आहे?

द व्हाइन. बेसिंगस्टोकजवळची सोळाव्या शतकातली हवेली, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची, गाडीने वीसेक मिनिटं. इथे तिकीट लागतं. मेंबर असाल तर लागत नाही.

तिथे सोन्याची एक रोमन अंगठी ठेवली आहे. ती १७८५ मध्ये सिल्चेस्टरजवळच्या शेतात सापडली. जाडजूड, दहा बाजूंची, आणि तिच्यावर सेनिसियानस या नावाच्या माणसाला आशीर्वाद कोरलेला. इथवर ठीक. पण तिथून शंभरेक किलोमीटरवर, ग्लॉस्टरशायरमधल्या लिडनी इथे, नोडेन्स देवाच्या देवळात शिशाचा एक पत्रा सापडला. सिल्व्हियानस नावाच्या माणसाने त्यावर देवाला गाऱ्हाणं घातलंय: माझी अंगठी हरवली आहे, तिची अर्धी किंमत देवाला अर्पण, सेनिसियानस नावाच्या कुणालाही, अंगठी देवळात आणून देईपर्यंत, आरोग्य लाभू नये.

नाव तेच. अंगठी हीच का, यावर वाद आहे, पण दोन्हींचा धागा जुळवला तो मॉर्टिमर व्हीलर यांनी १९२९ मध्ये लिडनीचं उत्खनन करताना. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, आणि त्यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला खणून रोमन व्यापाराचे पुरावे काढले.

हवेलीत शिरलात की आधी अंगठीचं दालन विचारून घ्या. खोल्या पुष्कळ आहेत आणि अंगठी लहान आहे.